गंजखाऊ

दर शनिवारी संध्याकाळी माझ्या पुतण्याच्या घरी पाचसहा जण जेवणाच्या टेबलाभोवती बसून राक्षस मारतात. खेळाचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी तो १९७४ साली काढला. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, आणि तलवार लागली की हुकली हे वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. एक भिडू कमी पडला म्हणून मला बसवलं. झुरळ दिसलं की बायकोला हाक मारणारा मी एका संध्याकाळीत सरदार झालो.

सुरुवातीलाच ड्रॅगन भेटला. पंख, आग, सोन्याची रास, सगळं यथासांग. त्यानं मला जाळलं. मी ‘बरं’ म्हणून चिवड्याची बशी पुढे ओढली. मेलेल्या माणसाला कसली काळजी?

पुतण्यानं मला दुसरा सरदार करून दिला. (तिथे पुनर्जन्माला योनीबिनी फिरावं लागत नाही.) या सरदारानं मात्र आठ शनिवार काटकसर करून चारशे मोहरांचं पोलादी चिलखत घेतलं. नवव्या शनिवारी ‘रस्ट मॉन्स्टर’ आला. आपण त्याला गंजखाऊ म्हणू. बेडौल ध्यान, शेपटीला पंख्यासारखं काहीतरी आणि तोंडापुढे दोन मिशा. मिशी लागली की लोखंडाचा गंज होतो आणि तो गंज हा खातो. माणसाला खरचटतसुद्धा नाही. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या राक्षसांच्या पोथीत त्याच्या माराचा आकडा चक्क शून्य आहे.

त्या शून्यानं माझं चिलखत खाल्लं. “अरे, चारशे मोहरा!” मी खरोखरच ओरडलो. आमचे शूर वीर तलवारी पाठीमागे लपवून पळत सुटले. एकानं त्याच्यापुढे मूठभर खिळे टाकले, कुत्र्याला पोळी टाकावी तसे. आणि एरवी सगळ्यांच्या मागे उभा राहणारा तो काठीवाला जादूगार एकटा पुढे झाला!

राक्षस लक्षात राहतो तो असा. जीव घेणारे पोथीत पानोपानी आहेत. शिंगं-सुळे बदलतात, बाकी सगळे एकाच मुशीतले. पण हा मला जिवंत ठेवून माझी आठ शनिवारांची कमाई खातो. ‘मिमिक’ पेटारा होऊन बसतो. एकदा तो भेटला की माणसं खुर्चीलाही आधी काठी लावून बघतात. रूपाचं म्हणाल, तर गंजखाऊचं रूप गायगॅक्सनं हाँगकाँगच्या स्वस्त प्लॅस्टिक खेळण्यांच्या पिशवीतून उचललं होतं.

त्याच पोथीत आपला ‘राक्षस’ही आहे, भारतातला म्हणून. डेव्हिड ट्रॅम्पियरच्या चित्रात वाघाचं डोकं, अंगात साहेबी जाकीट आणि हातात पाइप! मला आधी रागच आला. आमचा बकासुर गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस खायचा, पाइप नाही ओढायचा. पण पुढे वाचलं. हा मनातलं ओळखतो आणि तुमचा भरवशाचा माणूस होऊन समोर येतो. म्हटलं, जाकीट माफ. कारण बकासुराचे सुळे तरी कुणाला आठवतात? आठवते ती पाळी. आज कुणाच्या घराची, उद्या कुणाच्या, हे एकचक्रा नगरीतलं पोरदेखील सांगू शकलं असतं.

सध्या माझा सरदार चामड्याचा अंगरखा घालून लाकडी सोटा घेऊन हिंडतो. चिलखताचा किस्सा मी घरी तिसऱ्यांदा सांगितला तेव्हा बायको म्हणाली, “आपल्या फाटकाला दोन वर्षं गंज चढलाय, त्याचं तुम्हाला कधी एवढं वाईट वाटलं नाही.”

फाटक बिल्डरनं फुकट दिलं होतं.