लोखंडाला पाजलेलं पाणी

होमरच्या ‘ओडिसी’च्या नवव्या सर्गात एक लोहार येतो. येतो तो फक्त उपमेत, दोन-तीन ओळींपुरता. पॉलिफेमस या एकाक्ष राक्षसाच्या गुहेत अडकलेला ओडिसियस तापवलेला सोटा त्याच्या डोळ्यात खुपसतो. डोळा चरचरतो, आणि कवीला आठवतो तापलेली कुऱ्हाड किंवा वाकस थंड पाण्यात बुडवणारा लोहार. ही उपमा मी अनेकदा वाचली होती. कळली मात्र पहिली सुरी स्वतः घडवताना.

प्रसंगाची सुरुवातच मालाच्या शोधापासून होते. गुहेत राक्षसाचा ऑलिव्हचा दांडका पडलेला आहे. अजून ओला, आणि वीस वल्ह्यांच्या गलबताच्या डोलकाठीएवढा. ओडिसियस त्यातला वावभर तुकडा तोडतो, सोबती तो तासून गुळगुळीत करतात, टोक तो स्वतः काढतो, जाळावर कडक करतो आणि शेणाखाली दडवतो. कवी एकही पायरी गाळत नाही. माझा शोध भंगाराच्या दुकानात संपला. तिथे ट्रकच्या कमानीचा जुना पाटा मिळाला. त्यात अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त कार्बन असतो, म्हणून तो पाणी धरतो. खिडकीच्या गजाचं मऊ लोखंड कितीही तापवा-बुडवा, धार टिकण्याइतकं कडक होत नाही. जुन्या पाट्यात हादऱ्यांनी पडलेल्या केसाएवढ्या भेगा मात्र लपलेल्या असू शकतात. त्या आधी शोधाव्या लागतात.

डोळा फुटतानाच्या दोन उपमा शेजारी शेजारी आहेत. पहिलीत जहाजाच्या तुळईला भोक पाडणारे सुतार आहेत. खालचे दोन्ही बाजूंनी वादी ओढतात आणि सामता गरगरतो. ती उपमा दिसते. दुसरी, लोहाराची, ऐकू येते. राक्षसाची दृष्टी जात असतानाच कवी आपल्यालाही डोळ्यांकडून कानांकडे नेतो. पुढे आंधळा पॉलिफेमस जग फक्त ऐकणार आणि चाचपणार आहे. त्याची सुरुवात या आवाजाने होते.

लोहाराच्या कृतीसाठी कवीने वापरलेलं ग्रीक क्रियापद औषध या अर्थाच्या शब्दापासून आलं आहे. लोहार जणू लोखंडावर औषधोपचार करतो. आपल्याकडे हत्याराला पाणी ‘पाजतात’. दोन्ही भाषांना लोखंड जिवंत वाटलं. गंमत म्हणजे या काव्यातले वीर बहुतेक ब्राँझच्या शस्त्रांनी लढतात, आणि ब्राँझ पाण्यात बुडवून कडक होत नाही. जुन्या वीरयुगाच्या कथेत कवीच्या स्वतःच्या काळाची भट्टी अशी उपमेच्या वाटेने आत शिरली आहे.

माझं पहिलं पातं मी होमरच्या लोहारासारखंच थंड पाण्यात बुडवलं. चर्र झालं, आणि त्यामागून बारीकसा ‘टण्’. धारेपासून वर भेग गेली होती. या पोलादाला पाणी फार घाईने थंड करतं. त्याला कोमट तेल मानवतं. दुसरं पातं लोहचुंबकाला चिकटेनासं होईपर्यंत, म्हणजे साधारण 770 अंशांपर्यंत, आणि वर थोडं तापवून तेलात सोडलं. त्यावरून कानस काचेवरून सरकावी तशी सरकली. पण असं पातं ठिसूळ असतं. फरशीवर पडलं तर तुटतं. म्हणून ते 200 अंशांच्या आसपास दोन-दोन तास दोनदा ऊब देऊन ठेवलं. पॉलिश केलेल्या कडेवर गवती पिवळा रंग चढला. थोडा कडकपणा गेला, चिवटपणा आला.

ही शेवटची पायरी उपमेत नाही. कवी पाण्याशी थांबतो आणि लोखंडाचं बळ तिथेच आहे असं म्हणतो. पुढची कथा मला इथून वेगळी दिसते. गुहेतून सुटलेला ओडिसियस तापून कडक झालेला आहे, ऊब न मिळालेल्या पात्यासारखा. सोबती विनवत असताना तो जहाजावरून स्वतःचं नाव ओरडून सांगतो. नाव कळल्यामुळेच पॉलिफेमसला आपल्या बापाला, समुद्रदेव पोसायडनला, नेमका शाप मागता येतो. ओडिसियस घरी पोचतो, पण फार उशिरा, परक्याच्या जहाजातून आणि एकटा. सोट्याला धग देताना एकही पायरी न चुकलेला हा कारागीर स्वतःला मात्र कडक करूनच थांबला.