ड्रायव्हर उलगडणं: कायदा तुमच्या बाजूने, पण अर्ध्यावर

लॅबमधलं उपकरण ठणठणीत आहे, पण त्याचा ड्रायव्हर फक्त जुन्या विंडोजवर चालतो. लिनक्ससाठी स्वतः ड्रायव्हर लिहायचा, तर मूळ ड्रायव्हर काय करतो ते उलगडून बघावं लागणार. इथे नागपुरात ज्युनिअर्स हमखास विचारतात, "दादा, हे बेकायदेशीर नाही ना?"

नाही. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(एबी) वाचा. १९९९च्या दुरुस्तीने ते आलं. सॉफ्टवेअर कायदेशीरपणे तुमच्याकडे असेल, तुमचा प्रोग्रॅम स्वतंत्रपणे लिहिलेला असेल आणि दोन्ही जुळवायला लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती मिळवण्यासाठी आवश्यक ती कृती करता येते. पुढचं (एसी) उपकलम तर सॉफ्टवेअर चालवताना त्याचं निरीक्षण करून त्यामागची तत्त्वं समजून घ्यायला मोकळीक देतं. एनव्हिडियाच्या कार्डांसाठीचा 'नूवो' हा ड्रायव्हर असाच घडला. मूळ ड्रायव्हर कार्डाशी काय बोलतो ते टिपून घेतलं आणि २०१० मध्ये नूवो लिनक्स कर्नलमध्ये आला.

मग माझी तक्रार काय? कलम चांगलं आहे, पण नेमक्या अडचणीच्या जागी गप्प बसतं.

पहिली जागा: "सहज उपलब्ध" म्हणजे काय? कंपनी म्हणाली, "पैसे भरा, गुप्ततेचा करार करा, मग माहिती देतो", तर ती सहज उपलब्ध झाली का? व्याख्याच नाही.

दुसरी, जास्त गंभीर: इन्स्टॉल करताना आपण न वाचता 'आय अ‍ॅग्री' दाबतो. त्यात रिव्हर्स इंजिनिअरिंगला मनाई असते. युरोपीय संघाचा २००९चा निर्देश सांगतो की इंटरऑपरेबिलिटीचा हक्क काढून घेणारी अशी अट रद्दबातल. आपल्या कलमात असं वाक्यच नाही. म्हणजे कॉपीराइटचा भंग झाला नाही, तरी करारभंगाचा दावा उभा राहू शकतो.

२०१२ मध्ये आलेलं ६५ए मात्र बऱ्यापैकी समजूतदार आहे. डिजिटल कुलूप तोडणं तेव्हाच गुन्हा, जेव्हा हेतू कॉपीराइट भंगाचा असतो.

आणि "कायदेशीरपणे तुमच्याकडे" हे शब्द हलके घेऊ नका. हैदराबादचे संशोधक हरी प्रसाद यांनी सहकाऱ्यांसोबत मतदान यंत्र उघडून त्यातल्या त्रुटी दाखवल्या. ऑगस्ट २०१० मध्ये त्यांना अटक झाली. प्रकरण कॉपीराइटचं नव्हतंच. ते यंत्र मुंबईतल्या सरकारी गोदामातून चोरीला गेल्याचा आरोप होता. पुढे जामीन मिळाला. म्हणजे संशोधन कितीही मोलाचं असो, पहिला प्रश्न येतो: वस्तू आली कुठून?

म्हणून कामाला लागण्याआधी एवढं करा. खरेदीची पावती जपा. लायसन्स खरंच वाचा. माहितीसाठी कंपनीला ईमेल करा आणि तो ठेवा. उत्तर आलं नाही तरी तो पुरावाच आहे. मूळ कोडची एक ओळही उचलू नका. जमलं तर एकाने निरीक्षण करून टिपण लिहावं आणि दुसऱ्याने फक्त त्या टिपणावरून कोड लिहावा.

कायद्यातली ही भोकं संसद बुजवेल तेव्हा बुजवेल. तोवर तुमची लॅबची वहीच तुमचा बचाव आहे. रोज तारीख घालून लिहा.