खानदेशी बोलींतील दोन मुलांचा दृष्टांत

ग्रीअर्सन साहेबांच्या ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’ या प्रचंड ग्रंथाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ सालीं कलकत्त्यास छापून निघाला. भिल्ली बोलींच्या जोडीनें खानदेशी, म्हणजे आपण जीस अहिराणी म्हणतों ती बोली, या भागांत आली आहे. तिचें व्याकरण व नमुने आजवर पुष्कळांनीं चाळले. परंतु ज्यांनीं चाळले त्यांचें लक्ष बहुधा प्रत्ययांवर खिळलेलें होतें. ‘माले’, ‘तुले’ यांतील ‘ले’ कोठून आला, ‘शे’ हें क्रियापद गुजराथीच्या किती जवळचें, आणि स्टेन कोनो यांनीं ही बोली मराठीच्या पंक्तींतून उठवून भिल्ली-गुजराथीच्या पंक्तीस बसविली ती योग्य कीं अयोग्य, एवढाच वाद चालत राहिला. नमुन्यांत सांगितलें आहे काय, हें विचारण्याची तसदी कोणी घेतली नाहीं. आमच्या मतें या नमुन्यांपैकीं एक तरी केवळ व्याकरणाचा कच्चा माल नसून वाङ्मय म्हणून परीक्षणास पात्र आहे. तो म्हणजे लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायांतील बाप व त्याचे दोन मुलगे यांचा दृष्टांत.

योगायोग असा कीं, त्याच १९०७ सालीं मंगळूर येथें साल्डान्हा यांनीं फादर स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपींत छापून प्रसिद्ध केलें. १६१६ सालच्या त्या ओवीबद्ध ग्रंथाची कीर्ति संग्राहकांस सांगावयास नको. लंडनच्या मार्सडेन संग्रहांतील देवनागरी पोथी उजेडांत आल्यावर तर त्याविषयींची जिज्ञासा दुणावली. पुराणास पोथीशोधक मिळाले, संपादक मिळाले. खानदेशच्या गद्य नमुन्यास मात्र कोणीहि वाली मिळाला नाहीं. अमळनेरास १९१६ सालीं तत्त्वज्ञानमंदिर उभें राहिलें, तेथें अद्वैताचा ऊहापोह इंग्रजीच्या द्वारें जगभर गेला. १९५२ सालीं येथेंच व्युत्पत्तिकोशकार कृ. पां. कुलकर्णी यांच्या अध्यक्षतेखालीं साहित्यसंमेलन भरलें व २०२४ सालीं पुन्हां भरलें. इतकें होऊनहि ओट्यावरची बोली पंडितांच्या दृष्टीनें ओट्यावरच राहिली!

या नमुन्याचा हेतु धर्मप्रसाराचा नव्हता, हें प्रथम ध्यानांत ठेवावें. प्रत्येक बोलीचा एक नमुना सारख्याच मजकुराचा असावा म्हणून हा दृष्टांत निवडण्यांत आला. तीनहि पुरुषवाचक सर्वनामें, नामाच्या बहुतेक विभक्ति आणि क्रियापदाचे भूत-वर्तमान-भविष्य हे काळ त्यांत सांपडतात, हें निवडीचें कारण. ज्या भाषांत बायबलाचीं भाषांतरें अगोदर झालेलीं होतीं, त्यांतील या उताऱ्याच्या प्रती स्थानिक अधिकाऱ्यांकडे धाडण्यांत आल्या, म्हणजे इंग्रजी न जाणणाऱ्या माणसासहि तो आपल्या बोलींत उतरवितां यावा. तेव्हां खानदेशी नमुना लिहिणाऱ्यापुढें मराठी भाषांतर असावें, हें अनुमान सहज निघतें. शिवाय या देशांतील लोकांच्या भावना दुखावूं नयेत म्हणून मूळ मजकुरांत किंचित् फेरफारहि केला होता. मूळ कथेंत परत आलेल्या मुलासाठीं पुष्ट वासरूं कापतात; गोवधाचा तो उल्लेख हिंदी श्रोत्यास कसा लागेल हें सांगावयास नको.

येथें आमचा पहिला आक्षेप येतो. वासरूं गेलें तर केवळ एक पक्वान्न गेलें असें नव्हे. त्या वासरावर थोरल्या मुलाची तक्रार उभी आहे. वाटणी होऊन गेल्यावर घरांत जें उरलें तें थोरल्याचें. म्हणजे धाकट्याच्या स्वागताचा खर्च थोरल्याच्या वाट्यांतून झाला. उपदेशक मंडळी थोरल्यास कद्रू व मत्सरी म्हणून सोडून देतात. हिशेबाच्या वहीकडे पाहिलें तर त्याचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. तें खोटें नाहीं म्हणूनच बापाच्या उत्तरास किंमत आहे.

आतां वाटणीचा प्रश्न. ज्यांच्या दप्तरांत जुनीं वाटणीपत्रें व फारखती आहेत, त्यांस या दृष्टांताचा आरंभ चमत्कारिक वाटला पाहिजे. येथें पंच नाहींत, साक्षी नाहींत, गोताची बैठक नाहीं. धाकटा मागतो आणि बाप देतो. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेप्रमाणें वडिलोपार्जित मिळकतींत मुलाचें स्वत्व जन्मतःच असतें. मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनीं त्यास कांहीं मर्यादा घातल्या, तरी बाप जिवंत असतां वाटा मागणें ही गोष्ट खानदेशच्या कुणब्यास ऐकून माहीत असलेली, दुःखाची पण कायद्यांत बसणारी होती. मोशेच्या नियमशास्त्रांत तसें नाहीं. तेथें वडील पुत्रास दुप्पट भाग सांगितला आहे (आपल्या स्मृतिकारांच्या ज्येष्ठांशाची येथें आठवण होते), पण तो बापाच्या पश्चात् हातीं यावयाचा. बेन सीराच्या बोधग्रंथांत तर जिवंतपणीं आपली मत्ता दुसऱ्याच्या हातीं न देण्याविषयीं बापास स्पष्ट ताकीद आहे. म्हणजे मूळ श्रोत्यांच्या कानांस धाकट्याचें मागणें असें लागलें असावें कीं, बाबा, तुम्ही मेलांत असें मी धरून चालतों. ग्रीक मूळांत बापानें वांटून दिलें त्यास ‘बिओस’ म्हटलें आहे. या शब्दाचा अर्थ उपजीविका, आणि जीवनहि.

मराठी श्रोत्याच्या कानीं हा डंख पोंचत नाहीं, कारण त्याच्या कायद्यानें तो अगोदरच काढून टाकलेला. मग अपराध शोधावयाचा कोठें? तो पुढच्या वाक्यांत, पैसा उधळण्यांत, शोधला गेला. ‘उधळ्या पुत्राचा दृष्टांत’ हें आपल्याकडे रूढ झालेलें नांव या विपर्यासाचें फळ आहे असें आम्हीं म्हणतों. इंग्रजींतील नांवहि त्याच वळणाचें असल्यामुळें भाषांतरकारांस त्याचा मोह पडला असेल. परंतु लूकनें या गोष्टीपूर्वीं शंभरांतून चुकलेलें एक मेंढरूं आणि दहांतून हरवलेलें एक नाणें अशा दोन गोष्टी सांगितल्या आहेत. मेंढरूं उधळें नव्हतें, नाण्यास तर कांहींच करतां येत नाहीं. तिहींचा विषय हरवणें व सांपडणें हा आहे. नांवांत ‘उधळ्या’ शब्द घातला कीं गोष्ट काटकसरीच्या धड्यांत जमा होते, आणि थोरला मुलगा तर नांवांतूनच बाद होतो.

याहून गंमतीची गोष्ट अशी कीं, जो खानदेशी गृहस्थ ख्रिस्ती झाला त्याच्या घरीं हा डंख परत आला. १८५० च्या कायद्यानें धर्मांतर केलेल्याचा वारसाहक्क शाबूत राहिला. १८६३ सालीं अब्राहाम खटल्यांत प्रिव्ही कौन्सिलनें ठरविलें कीं, ख्रिस्ती झालेल्या हिंदूस पूर्वीचा कायदा चालू ठेवावा कीं टाकावा याची निवड आपल्या वागणुकीनें करतां येते. पुढें १८६५ च्या व त्यामागून १९२५ च्या वारसा कायद्यानें हिंदी ख्रिस्त्यांस स्वतंत्र व्यवस्था लाविली. तींत मुलास जन्मतः हक्क नाहीं; बाप जिवंत आहे तोंवर सर्व बापाचें. मुलीस मात्र मुलाबरोबरीनें वाटा आहे. हिंदु मुलीस वडिलोपार्जित मिळकतींत तशी बरोबरी देशभर २००५ सालीं मिळाली. तेव्हां रविवारीं देवळांत हा दृष्टांत ऐकणाऱ्या खानदेशी ख्रिस्ती शेतकऱ्याचा धाकटा मुलगा वाटा मागूं लागला, तर तो मिताक्षरेंतला मुलगा नसून लूकच्या गोष्टींतला मुलगा झाला. शास्त्राचें वचन रोजच्या व्यवहारास लावणें म्हणतात तें येथें आपोआप घडलें, आणि तें प्रवचनकारानें नव्हे, कायदेमंडळानें घडविलें. जुन्या वहिवाटीनें भावकींतच वाटण्या करीत राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांचे कागद कोणा संग्राहकापाशीं असतील, तर ते या दृष्टीनें वाचण्याजोगे आहेत.

कथेंतील दुष्काळाविषयीं एवढेंच सांगणें पुरे कीं, पाहणीचे नमुने १८९४ नंतरच्या वर्षांत गोळा होत होते आणि १८९९-१९०० चा दुष्काळ त्याच वर्षांत पडला. परमुलुखीं गेलेला, पोट जाळण्यासाठीं डुकरें राखणारा मुलगा कोणास कल्पित वाटण्याचे ते दिवस नव्हते. त्याच दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं गुजराथेंतील निराश्रित मुली केडगांवास आणल्या.

पोथ्यांचा नाद असणाऱ्यांस या अध्यायाच्या एकविसाव्या वचनांत विशेष रस वाटेल. परक्या देशांत असतां मुलगा बापापुढें बोलावयाचें भाषण मनांत तीन कलमी रचतो: मीं पाप केलें, मी पुत्र म्हणवून घेण्यास योग्य नाहीं, मला मजुरांपैकीं एक करा. प्रत्यक्ष भेटींत पहिलीं दोन कलमें होतात आणि बाप त्याचें बोलणें तोडून वस्त्र, अंगठी व जोडे मागवितो. परंतु सिनाई, व्हॅटिकन व बेझा या तीन प्राचीन हस्तलिखितांत तिसरें कलमहि येथें पुन्हां लिहिलेलें आहे. एरवीं जुनी पोथी ती खरी असें म्हणण्याकडे आपला कल असतो. येथें मात्र तो सोडावा लागतो. वरच्या वाक्याचा घोष कानांत असलेला लेखक तेंच वाक्य खालींहि ओढतो, हा प्रकार महानुभावांच्या पोथ्यांपासून बखरींच्या नकलांपर्यंत ज्यानें पाहिला आहे, तो या पाठास तत्काळ ओळखील. उलट, मुळांत असलेलें वाक्य कोणी मुद्दाम कां गाळावें याचें कारण सांगणें कठीण आहे. यास्तव लहान पाठ मूळचा हें बहुसंख्य टीकाकारांचें मत आम्हांस ग्राह्य वाटतें. फरक एका वाक्याचा असला तरी त्यांत सर्व गोष्ट आहे. एका पाठांत मुलगा चाकरीची अट सांगतो आणि बाप ती बाजूस सारतो; दुसऱ्यांत अट सांगण्यास वेळच मिळत नाहीं.

त्या मजुरासाठीं मूळांत जो शब्द आहे तो मोलानें राबणाऱ्याचा आहे. खानदेशांत मोलाच्या दोन तऱ्हा: रोजंदारीचा मजूर आणि आखाजीस ठराव करून वर्षभर राहणारा सालदार. सालदार घरचें खातो, बैलांची निगा राखतो, घरांत असून घरचा नसतो. मुलगा जें मागण्याच्या बेतांत होता तें, आमच्या समजुतीप्रमाणें, सालदारकीच्याच जवळ येतें. मराठी भाषांतरांतील ‘मोलकरी’ किंवा ‘चाकर’ हे शब्द बरोबर आहेत, परंतु त्यांत हा उंबरठा दिसत नाहीं. बोलीचें महत्त्व तें येथें.

दुसरें उदाहरण याहून बारीक आहे. थोरला मुलगा बापाशीं बोलतांना ‘बाबा’ असें एकदांहि म्हणत नाहीं, आणि धाकट्यास ‘भाऊ’ न म्हणतां ‘तुझा मुलगा’ म्हणतो. बाप उत्तरांत तोच शब्द फिरवून ‘तुझा भाऊ’ असा त्याच्या पदरांत घालतो. ग्रंथस्थ मराठींत भाषांतरकारास येथें ‘तुझा’ कीं ‘तुमचा’ या मानमर्यादेच्या पेंचांत पडावें लागतें. ‘तुमचा’ घातला तर उद्धटपणा निम्मा उतरतो व बापाच्या ‘तुझा’शीं त्याची जोड जमत नाहीं. अहिराणींत ‘तुन्हा आंडोर’ आणि ‘तुन्हा भाऊ’ हीं दोन्ही एका तोलाचीं बसतात. मूळ ग्रीकांतहि आदरार्थी बहुवचनाचा प्रश्न नाहीं. ज्या बोलीस पंडितांनीं अशुद्ध म्हटलें ती या ठिकाणीं शुद्ध मराठीपेक्षां मुळास अधिक इमानी ठरते.

थोरला बाहेरच उभा राहतो आणि गोष्ट संपते. तो आंत गेला कीं नाहीं हें लूक सांगत नाहीं. महाराष्ट्रांत ही गोष्ट एकदां उलट्या दिशेनें घडली आहे. १८४३ सालीं मुंबईस नारायण शेषाद्रि यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयी धाकटा भाऊ श्रीपति मिशनऱ्यांकडे राहिला होता. सुप्रीम कोर्टानें त्यास बापाच्या स्वाधीन केलें. मुलगा परत आला, बापानें घेतला, पण जातीनें घेतला नाहीं. प्रायश्चित्त देऊन त्यास पंक्तीस घ्यावें असा पक्ष बाळशास्त्री जांभेकरांनीं धरला, तर त्यांनाच विरोध झाला. येथें दाराशीं अडून राहणारा एक भाऊ नव्हता, सारी ब्रह्मसभा होती. ज्या मिशनऱ्यांच्या हातीं हा दृष्टांत छापील होता ते या वेळीं मुलगा गमावल्याच्या दुःखांत होते, आणि ज्या शास्त्र्यानें दृष्टांतांतल्या बापासारखें वागावें म्हणून जातीशीं झुंज घेतली तो हिंदु होता. नारायण शेषाद्रि पुढें जालन्याजवळ बेथेल हें ख्रिस्ती गांव वसवून प्रसिद्ध झाले. श्रीपतीचें प्रकरण मात्र आतां जांभेकरांच्या चरित्रांतलें एक प्रकरण म्हणूनच वाचलें जातें. तें या दृष्टांताशेजारीं ठेवून कोणा ख्रिस्ती अथवा हिंदु टीकाकारानें वाचल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

खानदेशी नमुना देवनागरींत स्वतंत्रपणें, मराठी भाषांतरासमोर ठेवून छापला जावा, अशी आमची मागणी आहे. पाहणीच्या नमुन्यांवर बहुधा जिल्ह्याचें नांव असतें, लेखणी धरणाऱ्याचें नसतें. परंतु कलकत्त्यास शुद्ध प्रत जाण्यापूर्वीं कोणा शिक्षकानें वा कारकुनानें कच्चा खर्डा केलाच असला पाहिजे. अमळनेर, पारोळें, एरंडोल, चोपडें या बाजूच्या जुन्या शिक्षक-कारकुनांच्या घरचीं रुमालें सोडतांना तसा कागद आढळला, तर त्यांत प्रथम तीन स्थळें पाहावीं: वासराच्या जागीं काय घातलें आहे, मजुरासाठीं कोणता शब्द योजिला आहे, आणि बापाच्या पायांशीं मुलगा दोन कलमें बोलतो कीं तीन.