‘ॲनिमिया’ तोडायचा कुठे?

वैद्यकीय संज्ञा विद्यार्थ्यांच्या लक्षात राहाव्यात म्हणून तयार केलेला एक भिंततक्ता नुकताच आमच्या पाहण्यात आला. अक्षरे ठळक, मांडणी नेटकी. प्रत्येक शब्द फोड करून दिला आहे, ही कल्पनाही चांगली. पण ‘ॲनिमिया’पाशी आम्ही थबकलो. तेथे लिहिले होते : ‘ॲ’ म्हणजे नाही, ‘निमिया’ म्हणजे रक्त.

‘निमिया’ असा रक्तवाचक शब्द ग्रीक भाषेत नाही. रक्ताला तेथे ‘हाइमा’ म्हणतात. त्याच्या आधी नकारार्थी ‘अन्’ लागला, ‘ह’ गळला आणि ‘अनाइमिया’ झाला. पुढे लॅटिनमार्गे इंग्रजीत उच्चार झाला अ-नी-मि-अ, आघात ‘नी’वर. म्हणजे ‘न्’ अर्थाने पहिल्या भागाचा. बोलताना मात्र तो पुढच्या स्वराला जाऊन मिळतो. तक्ताकारांनी उच्चाराची फोड घेतली आणि तिलाच अर्थ चिकटवला.

मराठीच्या तासाला ही चूक आपण करत नाही. ‘अनादर’ म्हणताना अ-ना-दर म्हणतो, पण फोड अन् + आदर अशीच सांगतो. ‘नादर म्हणजे मान’ असे कोणी शिकवत नाही. विशेष म्हणजे संस्कृत आणि ग्रीक भाषांतील हे नकारार्थी उपसर्ग एकाच मूळचे आहेत. नियमही तोच : स्वरापूर्वी ‘अन्’, व्यंजनापूर्वी ‘अ’. झोपेत श्वास थांबण्याच्या विकारातला ‘ॲपनिया’ पाहा. उच्चारात तो ॲप-निया. अर्थाने मात्र ‘अ’ अधिक श्वासवाचक ‘प्नोए’.

चूक लहान दिसते, पण नुकसान मोठे आहे. ‘निमिया’ पाठ केलेल्या मुलाला ‘ल्युकेमिया’त रक्त सापडणार नाही. ‘हाइमा’ ठाऊक असलेल्याला तेथे फक्त ‘ल्युकॉस’, म्हणजे पांढरा, एवढेच नव्याने शिकावे लागेल. हिमोग्लोबिन, हिमोफिलिया, युरेमिया हे शब्दही त्याच किल्लीने उघडतील.

अर्थात फोड म्हणजे व्याख्या नव्हे. ‘ॲनिमिया’चा शब्दार्थ ‘रक्त नसणे’. प्रत्यक्षात रक्त असते, त्यातील तांबड्या पेशी किंवा हिमोग्लोबिन कमी असते. हेही तक्त्यात हवे होते.

उच्चाराबाबत आमचा हट्ट नाही. मराठीत ‘ॲनिमिया’ रुळला आहे. तसे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला हसू नये. पुढच्या आवृत्तीत प्रत्येक शब्दाखाली दोन ओळी असाव्यात : एक उच्चाराची, एक अर्थाची. तोवर ही दुसरी ओळ शिक्षकांनी फळ्यावर लिहावी.