मुकुटामागील माणसें

ऐतिहासिक चित्रपट म्हटला कीं भरजरी पोशाख आणि छातीठोक भाषणें एवढेंच पुष्कळांच्या डोळ्यांपुढें येतें. अशा रसिकांनीं १९६८ सालीं निघालेला 'द लायन इन विंटर' हा इंग्रजी चित्रपट अवश्य पाहावा. जेम्स गोल्डमन यांच्या नाटकावरून अँथनी हार्वी यांनीं तो दिग्दर्शित केला आहे.

काळ ११८३ चा नाताळ. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री वारस ठरविण्यासाठीं शिनाँच्या किल्ल्यांत कुटुंब गोळा करतो. मुलांनीं ११७३ सालीं केलेल्या बंडास साह्य केल्यामुळें कैदेंत पडलेली राणी एलिनॉर हीही तेथें येते. वस्तुतः असा मेळावा त्या नाताळांत तेथें भरलाच नव्हता. ती नाटककाराची कल्पना आहे. मग या चित्रपटास ऐतिहासिक सत्याची प्रतीति येते ती कशामुळें? आमच्या मतें केवळ अभिनयामुळें.

राजा आणि राणी दोघेंही आयुष्यभर दरबारासमोर सोंग वठवीत आलेलीं. म्हणून पीटर ओटूल यांचा हेन्री गर्जना करतो तेव्हां ती कांहींशी नाटकी वाटते, आणि वाटावी हेंच योग्य. तोच हेन्री तळघरांत मुलांवर तरवार उगारतो. ती त्याच्यानें चालवत नाहीं. तेथें सोंग गळून पडतें आणि थकलेला बाप उघडा होतो. त्या वेळीं ओटूल अवघे छत्तीस वर्षांचे होते, हें सांगूनही खरें वाटत नाहीं.

कॅथरिन हेपबर्न यांची एलिनॉर याहून सूक्ष्म आहे. नवऱ्याच्या वर्मीं घाव घालून ती एकटी उरते, आणि ऐकावयास कोणी नसतांही एक विनोद करते. तो विनोद म्हणजे तिचें चिलखत होय. या भूमिकेबद्दल त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळालें. बार्बरा स्ट्रायसँड या त्याच्या समान मानकरी होत्या.

उणीव एकच. धाकटा जॉन इतका बावळट रंगविला आहे कीं बापाचा त्याच्यावरील जीव अनाकलनीय होतो. अँथनी हॉपकिन्स यांचा रिचर्ड मात्र मोजक्या शब्दांत आईवरचा रोष आणि ओढ दोन्ही दाखवितो.

शेवटीं एलिनॉर नावेंतून पुन्हां कैदेकडे निघते आणि दोघें एकमेकांस पाहून हसतात. हेन्री ११८९ सालीं मरण पावला तेव्हांच तिची सुटका झाली, हें इतिहास सांगतो. मधल्या वर्षांत त्या संसाराचें काय झालें असेल, तें या दोन नटांनीं सांगितलें आहे.