बोलणार कोण, ऐकणार कोण?

समाजमाध्यमांचा विचार करण्यासाठी आपल्या समाजाने परिषद भरवावी, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. मराठवाड्यात जिल्ह्याच्या ठिकाणी भरलेल्या अशा एका परिषदेला आम्ही उपस्थित होतो. सभागृह भरले होते आणि तरुणांची संख्याही लक्षणीय होती. मात्र भाषणे ऐकताना एक प्रश्न सतत टोचत राहिला. हे सारे आपण सांगतो आहोत कोणाला?

वक्त्यांची तक्रार खोटी नव्हती. जून २०१४ मध्ये पुण्यात हडपसरला मोहसीन शेख या सोलापूरच्या तरुणाचा जमावाने बळी घेतला. फेसबुकवरच्या ज्या मजकुरावरून वातावरण पेटले होते, त्याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. २०२० मध्ये तबलिगी जमातच्या निमित्ताने 'कोरोना जिहाद' हा शब्द घरोघरच्या मोबाइलवर पोहोचला. हे घाव वक्त्यांनी पोटतिडकीने मांडले. परंतु बहुतेकांनी ते उर्दूत आणि आपल्याच माणसांपुढे मांडले. उपाय सुचवले तेही आपल्यापुरतेच : आणखी ग्रुप, आणखी चॅनेल.

उर्दूविषयी आम्हाला मुळीच आकस नाही. पण आपला शेजारी मराठी वाचतो. अफवा मराठीत येणार आणि खुलासा उर्दूत जाणार, तर दोघांची गाठ पडणार कुठे? ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले आणि माध्यमांतील अपप्रचारावर कठोर ताशेरे ओढले. त्या निकालाचा सोपा मराठी सारांश गावोगावी पोहोचवण्याची कल्पना एकाही वक्त्याने मांडली नाही.

राईनपाड्याचा उल्लेखही झाला नाही. धुळे जिल्ह्यातील या गावात १ जुलै २०१८ रोजी भटक्या समाजातील पाच जणांना, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. ही अफवाही मोबाइलवरूनच पसरली होती. अफवेचे बळी केवळ आपणच नाही. हे ओळखले तर आपले दुःख इतरांच्या दुःखाशी जोडता येते. नाहीतर ती आपल्या मोहल्ल्याचीच कैफियत राहते.

सर्वांत खटकली ती व्यासपीठावरील स्त्रियांची अनुपस्थिती. २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि जानेवारी २०२२ मध्ये 'बुल्ली बाई' या ॲपवर मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे टाकून त्यांचा 'लिलाव' मांडला गेला. निर्भीडपणे लिहिणाऱ्या, बोलणाऱ्या स्त्रिया त्यात हेरल्या होत्या. त्यावर परिषदेचा सल्ला काय, तर मुलींनी फोटो टाकू नयेत! म्हणजे अत्याचार करणाऱ्याला जे हवे होते, तेच आपण आपल्या हाताने करायचे. नव्या माध्यमाचा अनुभव ज्यांना सर्वाधिक पोळून गेला, त्यांच्याविषयी बोलले गेले. त्यांना मात्र बोलू दिले नाही.

बार्शीचे शाहीर अमर शेख संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गायले, ते अवघ्या मराठी माणसासाठी. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यामागेही आपले जगणे आपल्या मराठीत मांडण्याचीच आस होती. तो वारसा कागदावर टिकला; मोबाइलच्या पडद्यावर मात्र अजून पुरेसा उतरलेला नाही. पुढच्या परिषदेत निम्म्या वक्त्या स्त्रिया असाव्यात, एक तरी सत्र मराठीत व्हावे आणि पहिल्या रांगेत शेजाऱ्यांना मानाने बसवावे. आपले म्हणणे कोठे पोहोचते, ते तेव्हाच कळेल.