ट्रिमाल्कियोच्या पंक्तीतील बोली : एका भाषणाचे परीक्षण

पेट्रोनियसच्या 'सॅटिरिकॉन'मधील ट्रिमाल्कियोच्या मेजवानीचे प्रकरण भाषाशास्त्राच्या वर्गात ज्या रीतीने शिकविले जाते, त्या रीतीविषयी प्रस्तुत लेखात काही विचार मांडावयाचा आहे. ती रीत अशी : पंक्तीला बसलेल्या मुक्तदासांच्या तोंडची काही रूपे फळ्यावर मांडावयाची, त्यांशेजारी शिष्टसंमत लॅटिन रूपे लिहावयाची, आणि इ. स. च्या पहिल्या शतकातील बोलभाषेचा हा पुरावा होय असे सांगून पुढे रोमान्स भाषांकडे वळावयाचे. प्रस्तुत लेखकानेही कित्येक वर्षे हेच केले. त्यात जी चूक होती ती एखिओन नावाच्या पात्राच्या भाषणाकडे लक्षपूर्वक पाहिल्यावर ध्यानात आली. हे भाषण ग्रंथाच्या ४५ व ४६ या प्रकरणांत आहे.

प्रथम ग्रंथाविषयी थोडेसे. निरोच्या दरबारात अभिरुचीचा निर्णायक म्हणून मान्यता पावलेला आणि इ. स. ६६ मध्ये सम्राटाच्या रोषामुळे आत्महत्या करावी लागलेला पेट्रोनियस तो हाच, असे सामान्यतः मानले जाते. ग्रंथ खंडित आहे. मेजवानीचा भाग मात्र सलग हाती आला, तो इ. स. १६५० च्या सुमारास दाल्मातियातील त्रोगीर येथे सापडलेल्या एकाच हस्तलिखितामुळे. तो पादुआ येथे १६६४ मध्ये छापला गेला, तेव्हा त्याच्या अस्सलपणाविषयी विद्वानांत मोठा वाद माजला. एवढे विचित्र लॅटिन रोमन ग्रंथकाराचे असूच शकत नाही, हा संशयवाद्यांचा एक आक्षेप होता. ज्या रूपांसाठी आज आपण हे प्रकरण वाचतो, त्याच रूपांमुळे ते बनावट ठरण्याची वेळ आली होती!

आता रूपे पाहू. दामा नावाचा पाहुणा मद्य डोक्यात चढल्याचे सांगताना 'विनुम्' या नपुंसकलिंगी नामाचे 'विनुस्' असे पुल्लिंगी रूप करतो. सेलेउकस 'फातुम्' ऐवजी 'फातुस्' म्हणतो, एखिओन 'काएलुम्' ऐवजी 'काएलुस्'. नपुंसकलिंग ढासळत होते याची ही चिन्हे होत यात शंका नाही. इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच या भाषांत मद्य आणि आकाश दोन्ही पुल्लिंगीच झाली, म्हणजे इतिहासाने कौल दामाच्या बाजूने दिला. मराठी वाचकाला हा फरक विशेष जाणवावयास हरकत नाही. हिंदीने नपुंसकलिंग सोडले, पण मराठी, गुजराती व कोंकणी यांनी ते राखले. लिंग चुकलेले वाक्य आपल्या कानाला तत्काळ खटकते, आणि खटकताक्षणीच आपण बोलणाऱ्याचे गाव, शिक्षण व कूळ यांविषयी मनात तर्क बांधू लागतो. पेट्रोनियसचा वाचकही हेच करीत होता.

परंतु एवढ्यावर थांबले तर एखिओनचे भाषण निसटते. हा एखिओन जुन्या कापडांच्या ठिगळी गोधड्यांचा व्यापारी. आधी गानिमेदेसने धान्यमहागाईविषयी गाऱ्हाणे मांडलेले असते : नगराधिकारी आणि भटारी यांचे संगनमत आहे, आणि भाकरी दिवसेंदिवस लहान होत चालली आहे. एखिओन त्याला जरा बरे बोल म्हणून सुचवितो आणि येऊ घातलेल्या द्वंद्वयोद्ध्यांच्या खेळांचे वर्णन लांबवितो. मग तो एकाएकी आगामेम्नोनकडे वळतो. आगामेम्नोन हा वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक, पंक्तीतील सुशिक्षितांपैकी एक, आणि आतापर्यंत गप्प बसलेला. एखिओन त्याला म्हणतो की तुम्हाला बोलता येते तरी तुम्ही बोलत नाही, तुम्ही आमच्या जुडीतले नाही, म्हणून गरिबांच्या शब्दांना हसता.

या एका आरोपात तीन 'चुका' आहेत. 'लोक्वि' हे क्रियापद रूपाने कर्मणी पण अर्थाने कर्तरी. एखिओन त्याला सरळ कर्तरी प्रत्यय लावून 'लोक्वेरे' आणि 'लोक्विस्' अशी रूपे करतो. आणि 'गरिबांच्या' या अर्थी 'पाउपेरुम्' न म्हणता दुसऱ्या गणाचा षष्ठी प्रत्यय तिसऱ्या गणातील नामास जोडून 'पाउपेरोरुम्' म्हणतो. म्हणजे बोलण्याविषयी बोलताना बोलणे हेच क्रियापद चुकते, आणि गरिबांची बोली हसली जाते हे सांगताना गरीब हाच शब्द चुकतो. हे योगायोगाने घडते असे मानणे कठीण आहे. ज्या लेखकाने ही रूपे निवडली त्याला ती कोठे ठेवावयाची हे नेमके माहीत होते. फळ्यावरील यादीत ही तीन रूपे 'विनुस्'च्या खाली मुकाट्याने बसतात, आणि त्यांचे काम तेथेच संपते.

याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. एखिओन आपल्या मुलाविषयी सांगू लागतो. मुलगा ग्रीकमध्ये पाय रोवतो आहे, लॅटिनचीही गोडी लागली आहे. घरच्या उपयोगापुरता कायदा त्याने चाखावा म्हणून बापाने लाल शीर्षकांची काही पुस्तके विकत आणली आहेत. या विद्येत भाकरी आहे. येथे पुस्तकांसाठी तो 'लिब्रोस्' या पुल्लिंगी रूपाऐवजी 'लिब्रा' असे नपुंसकलिंगी रूप वापरतो. लगेच पुढे, विद्या हा ठेवा आहे असे सांगताना, पुल्लिंगी 'थेसाउरुस्'चे प्रथमेतच 'थेसाउरुम्' करतो. आकाशाविषयी बोलताना नपुंसक नाम पुल्लिंगी करणारा माणूस पुस्तके आणि ठेवा यांपाशी येताच उलट दिशेने चुकतो. 'लिब्रा' हे समूहवाचक अनेकवचन होय असे समर्थन कोणी करील, पण 'थेसाउरुम्'ला ते लागू पडत नाही. माझ्या मते हे अतिशुद्धीचे उदाहरण आहे. ज्याला कधी तरी कोणी दुरुस्त केले आहे, तोच असा चुकतो. 'उस्' म्हटले की हसतात हे एवढे कानावर पडलेले असते की जेथे 'उस्' बरोबर तेथेही जीभ अडखळते. आणि हे शाळेविषयी बोलताना व्हावे, यात पात्राचे सगळे मन उघडे पडले आहे.

एरिख आउअरबाख यांनी 'मिमेसिस' (१९४६) या ग्रंथातील 'फोर्तुनाता' या प्रकरणात पेट्रोनियसच्या वास्तवदर्शनाचा मोठा गौरव केला, पण त्याची मर्यादाही दाखविली : लेखक या लोकांकडे वरून पाहतो, समाजाच्या तळाशी चाललेली हालचाल त्याला दिसत नाही. आउअरबाख यांनी विवेचनासाठी ३७ वे प्रकरण घेतले, त्यात एक पाहुणा यजमानाच्या बायकोची माहिती देतो. ४६ वे घेतले असते तर हा निष्कर्ष इतक्या सहज निघाला असता काय? दृष्टी वरूनच आहे हे मान्य. पण एक पिढी दास्यातून सुटलेली, दुसरी कायद्याच्या पुस्तकांकडे चाललेली, आणि या दोहोंच्या मधला माणूस कोणत्या नामापाशी अडखळतो, हे ज्याने टिपले त्याला तळाची हालचाल दिसत नव्हती असे म्हणवत नाही.

संस्कृत नाटकाच्या अभ्यासकाला येथे 'मृच्छकटिका'तील शकार आठवल्यावाचून राहणार नाही. साम्य खरोखरच चकित करणारे आहे. शकार कुंतीला रावणाच्या ताब्यात देतो. ट्रिमाल्कियो हानिबालकडून ट्रॉय जिंकवितो आणि दाइदालोसकडून निओबेला लाकडी घोड्यात कोंडवितो. अर्धवट विद्येचे हसे दोन्हीकडे सारखेच. तथापि शकाराची मागधी ही नाट्यसंकेताने ठरलेली भाषा आहे. कोणत्या पात्राने कोणती प्राकृत बोलावी याचे नियम शास्त्रकारांनी घालून दिले होते. पेट्रोनियससमोर असा संकेत नव्हता, आणि त्याचे मुक्तदास एकसारखे बोलतही नाहीत. हेर्मेरोस तर शिव्या देता देताच सांगून टाकतो की भूमिती वगैरे आपण शिकलो नाही, आपल्याला दगडावरची अक्षरे तेवढी येतात!

मग या बोलीला पुरावा म्हणावयाचे की नाही? याचे उत्तर एका वेगळ्या साधनामुळे देता येते. पाँपेईजवळ मुरेचिने येथे १९५९ मध्ये, रस्त्याचे काम चालू असताना, पुतेओलीतील सुल्पिकी या सावकारी घराण्याच्या मेणपाट्यांचे दप्तर सापडले. मेजवानी जेथे घडते ती कांपानियातील नगरी पुतेओलीच असे अनेक अभ्यासक मानतात. या दप्तरात गायस नोवियस एउनस या ग्रीक उपनावाच्या व्यापाऱ्याने इ. स. ३७ ते ३९ या काळात स्वतःच्या हाताने लिहिलेली कर्जपत्रे आहेत. एकात दहा हजार सेस्टर्सच्या कर्जापोटी त्याने सात हजार मोदियस अलेक्झांड्रियन गहू तारण ठेवला आहे. आतील मजकूर त्याच्या हातचा, बाहेरील प्रत शिकलेल्या लेखनिकाची, त्यामुळे चूक व दुरुस्ती एकाच पाटीवर वाचावयास मिळतात. जे. एन. अ‍ॅडम्स यांनी त्यांचा काटेकोर अभ्यास केला आहे. एउनस 'काएसारिस्'चे 'केस्सारिस्' लिहितो, 'व' च्या जागी 'ब' घालतो, अंत्य 'म्' गाळतो. त्याच्या चुका मुख्यतः उच्चाराच्या आहेत.

पेट्रोनियसच्या मुक्तदासांत नेमके हेच जवळजवळ दिसत नाही. 'आउ'चा 'ओ' झालेली 'कोदा'सारखी काही रूपे सोडली, तर ते उच्चारात नव्हे, लिंग, गण आणि प्रत्यय यांत चुकतात. नकलाकारांनी पुढे वर्णलेखन सुधारले असेल हे खरे, पण ज्यांनी 'पाउपेरोरुम्' तसेच राहू दिले, त्यांनी बाकीचे सगळे पुसून टाकले असेल, असे धरून चालता येत नाही. अंत्य 'म्' बहुधा शिकलेल्यांच्याही बोलण्यात पूर्णपणे उच्चारला जात नव्हता. मग त्याला कोण हसणार? हसू येते ते शाळेत छडी खाऊन पाठ केलेल्या गोष्टी चुकल्या तर. तेव्हा मुक्तदासांची रूपे खरी आहेत, पण त्यांची निवड शिकलेल्या कानाने केली आहे. या प्रकरणावरून बोलभाषेचे व्याकरण जितके कळते, त्याहून अधिक शिष्टांच्या कानाचे व्याकरण कळते. विद्यार्थ्यांनी एउनसच्या पाट्या आणि पाँपेईतील भिंतीवरची अक्षरे यांच्या शेजारी ठेवूनच हे प्रकरण वाचावे. केवळ यादीसाठी वाचावयाचे असेल तर न वाचलेले बरे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही पाटीवर सापडणार नाही. उपलब्ध ग्रंथाच्या आरंभीच आगामेम्नोनने पालकांवर ठपका ठेवला आहे, की ते महत्त्वाकांक्षेपायी कच्च्या मुलांना न्यायसभेकडे ढकलतात. तोच पालक आता त्याच्यासमोर बसून, माझा पोरगा तुमचा शिष्य होण्याजोगा वाढतो आहे, असे त्याला मोठ्या अभिमानाने सांगतो. अध्यापक काय म्हणतो याची वाचक वाट पाहतो. इतक्यात ट्रिमाल्कियो कपाळ पुसत आत येतो आणि आपल्या पोटाच्या तक्रारी सांगू लागतो. एखिओनला उत्तर मिळत नाही.